खाट, भूकंप आणि सूर्यवंशींचं घड्याळ

मे महिन्यात लातूर-नांदेडकडे हौसेनं कुणी जात नाही. आम्ही दोघं गेलो. साताऱ्यातल्या शेजाऱ्यांनी विचारलं, तिकडे पाहण्यासारखं काय आहे? मी म्हणालो, एक खड्डा आहे, एक गाव आहे आणि एक माणूस आहे. निघण्याआधीच मला ऊन लागलंय अशी त्यांची समजूत झाली.

लातूर म्हटलं की वाचकाला जो भूकंप आठवतो, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्यावर हलकं काही लिहायची माझी छाती नाही. मी सांगतोय तो त्याच्यानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला एक किरकोळ धक्का. त्यात बरण्या पडल्या, एक कोंबडी छपरावर जाऊन बसली आणि मी खाटेवरून पडलो. यातली शेवटची गोष्ट आजवर कुणाला ठाऊक नव्हती. ती सांगण्यासाठीच हा प्रवास.

लातूर

गाडीतून उतरल्यावर आधी सुशीला खाल्ली. साताऱ्याच्या वाचकांनी दचकू नये, मुरमुऱ्यांचा पदार्थ आहे. आमच्याकडे मुरमुरे भेळेत घालतात किंवा प्रसादात वाटतात. इथे ते भिजवून, फोडणी देऊन, वर दाण्याचा कूट टाकून सकाळी मानानं खातात. नोकरीच्या काळात वर्षानुवर्षं आम्ही इथे राहिलो, तरी हिच्या हातची सुशीला कधी इथल्यासारखी झाली नाही. हे मी पहिल्याच दिवशी बोललो, आणि पहिला दिवस थोडा अबोल गेला.

मी भूकंपमापन केंद्रावर निरीक्षक होतो. गावाबाहेर माळावर आमचं केंद्र, त्यात जमिनीखाली एक खोल खोली, तिला आम्ही खड्डा म्हणत असू. खाली उघड्या खडकावर यंत्र बसवलेलं. शेजारी फिरतं नळकांडं, त्यावर कागद, त्यावर लेखणी. जमीन जराशी हलली की लेखणी थरथरायची. आता नळकांडं गेलं, लेखणी गेली, सगळं संगणकावर उमटतं. तिथल्या तरुण अधिकारी बाईंनी मोठ्या मनानं आम्हाला दारातून खड्डा दाखवला. दारावर पाटी अजून होती: ‘चपला काढाव्यात. आत बोलू नये, खोकू नये.’ ती मीच लिहून लावली होती.

खालून गार हवा आली. ही म्हणाली, “अगंबाई, काय थंड आहे.”

तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणालो, म्हणूनच मे महिन्यात दुपारी मी इथे झोपत असे.

“इथे? यंत्राशेजारी?”

खाट टाकून, मी म्हणालो. उशाशी पाण्याचा माठ आणि कोपऱ्यात आंब्यांची आढी.

“आणि मी तिकडे माहेरी जीव टाकायची, की हे पत्र्याखाली भाजून निघत असतील.” एवढं बोलून ती अधिकारी बाईंकडे वळली. “इथे खोकूसुद्धा देत नाहीत, आणि हे घोरायचे.”

बाई हसू दाबत बाजूला गेल्या. आता गोष्ट कळण्यापुरतं शास्त्र सांगतो.

भूकंप झाला की एकाच जागेहून दोन प्रकारच्या लाटा एकाच क्षणी निघतात. एक चपळ, दुसरी संथ पण दांडगी. लग्नाचं उदाहरण घ्या. मुलीच्या दारात आधी मोटारसायकलवरून निरोप्या येतो, वऱ्हाड निघालं म्हणून सांगतो. मग मागून टेम्पोतलं वऱ्हाड येतं आणि खरी हलवाहलव होते. दोघं बरोबरच निघाले असतील, तर निरोप्यानंतर वऱ्हाडाची जितकी जास्त वाट पाहावी लागेल, तितकं नवऱ्याचं गाव लांब. आम्ही हेच करतो. पहिली लाट आणि दुसरी लाट यांच्यामधला वेळ मोजायचा, त्यावरून अंतर काढायचं.

पण त्यातून कळतं फक्त अंतर, दिशा कळत नाही. म्हणून नकाशावर आपल्या केंद्राभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढायचं. दुसऱ्या केंद्रानं त्याचं काढायचं, तिसऱ्यानं त्याचं. तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांना भेटतात, तिथे भूकंप. एकट्याच्या वर्तुळावर विसंबून गावाचं नाव सांगणं म्हणजे नवरा शंभर मैलांवरचा आहे एवढ्या माहितीवर पत्रिका छापणं.

मी पत्रिका छापली.

त्या दुपारी मी झोपलो होतो. कानाशी लेखणी खरखरली. इतक्या वर्षांत ती माझ्या कानाशी कधी खरखरली नव्हती. मी दचकून उठायला गेलो, खाटेचा पाय मोडला, आणि मी, माठ आणि खाट असे तिघं खडकावर आलो. लेखणी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. अंग पुसून मी कागद काढला. पहिली लाट स्पष्ट होती. मग थोड्या वेळानं एक मोठी, उमदी, देखणी दुसरी लाट. दोन्हींमधला वेळ मोजून मी वर्तुळ काढलं. वर्तमानपत्राचा फोन आला, कुठलं गाव? वर्तुळावर गावं पुष्कळ होती. त्यातलं मला ओळखीचं एकच, लोह्याच्या अलीकडचं बेलसांगवी, कारण तिथली मिरची आम्ही वर्षाची भरून ठेवत असू. म्हणालो, बेलसांगवी.

संध्याकाळी कागद पुन्हा पाहिला. त्या देखण्या लाटेनंतर आणखी एक लाट होती, अंगानं बारीक पण सगळी लक्षणं बरोबर असलेली. वऱ्हाड ते होतं. मी ज्याला वऱ्हाड समजलो, तो मी पडलो होतो.

लोहा

दुसऱ्या दिवशी एसटीनं लोहा. वाटेत उतरून ज्वारीची भाकरी, येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, “अजून घेणार का?” इथे विचारत नाहीत. भाकरी ताटात पडते, मग तुमच्याकडे बघतात.

स्टँडवर बेलसांगवीची गाडी येता येईना. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या एका आजीबाई कंट्रोलरला म्हणाल्या, “कामून रं, आज सूर्यवंशीचं घड्याळ घातलं का डायव्हरनं?”

माझ्या हातातला चहा शर्टावर सांडला. हिनं रुमाल दिला आणि आजींना विचारलं, सूर्यवंशी कोण?

“म्हाईत न्हाई माय. आसंल कुनी. घड्याळ चुकल्यालं.”

हे सूर्यवंशी म्हणजे आमच्याच खात्यातले, मुखेडकडच्या केंद्रावरचे माझे कनिष्ठ सहकारी. त्या दिवशी त्यांचा फोन आला होता. साहेब, माझं वर्तुळ तुमच्या बेलसांगवीपर्यंत पोचत नाही, धक्का मुखेडच्या पलीकडे गायरानात दिसतोय, तिसऱ्या केंद्राचंही तेच म्हणणं आहे. तोवर बेलसांगवी छापायला गेलं होतं. माझ्या खाटेची गोष्ट सांगायची की दोष सूर्यवंशींवर ढकलायचा? वरिष्ठांना मी कळवलं की सूर्यवंशींच्या केंद्राचं घड्याळ चुकलेलं असावं. तिसऱ्या केंद्राचं कुणी विचारलंच नाही. ‘घड्याळ चुकल्यानं गोंधळ’ हे चौकटीत छापून आलं. मला वाटलं, आठवड्यानं लोक विसरतील. लोकांनी त्याची म्हण करून ठेवली होती.

गाडीत बसल्यावर हिनं हळूच विचारलं, “सूर्यवंशी म्हणजे ते आपल्याकडे सीताफळं घेऊन यायचे ते?”

मी मान हलवली, आणि खाटेपासून घड्याळापर्यंत सगळं तिला सांगितलं. त्यानंतर बेलसांगवी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

बेलसांगवी

मी मनाशी क्षमेचं भाषण जुळवत होतो. एका शांत गावावर आपण भूकंपाचा डाग लावला, पोरांची लग्नं अडली असतील, जमिनीला गिऱ्हाईक मिळालं नसेल. तेवढ्यात कंडक्टरनं आवाज दिला, “चला, केंद्रबिंदू उतरा.”

स्टॉपसमोर केंद्रबिंदू टी हाऊस. त्याला लागून केंद्रबिंदू हेअर कटिंग. पलीकडे केंद्रबिंदू मंगल कार्यालय, त्याच्या कमानीवर तडे रंगवून घेतलेले. झाडाखाली पोरं क्रिकेट खेळत होती, बनियनच्या पाठीवर ‘केंद्रबिंदू इलेव्हन’.

गावात सगळे ऐकतात ते शिवलिंगप्पांचं, म्हणजे गावाच्या आप्पांचं. किराणा दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि गावासाठी बोलताना आवाजात घंटा. त्यांच्याच बरण्या त्या दिवशी पडल्या होत्या. मी कोण ते सांगताच त्यांनी गल्ल्यावरून उठून माझे दोन्ही हात धरले.

“निकमसाहेब तुमी? अवो, तुमी आमाला नकाशावर आनलं. आदी येष्टी थांबत नव्हती हितं. आता कंडक्टर नाव घेऊन उतरवतो.”

मग कळलं, त्या दिवसाची इथे दरवर्षी पंगत होते. दुपारी धक्क्याच्या वेळेला आप्पा मंदिराची घंटा वाजवतात, गाव घराबाहेर येतं, म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उचलून आणतात आणि माळावर उघड्यावर सगळे एकत्र जेवतात. त्या दिवशी घरात कुणी थांबायचं नाही, थांबलं तर वर्षभर बरण्या पडतात अशी समजूत. यंदाची पंगत दोनच दिवसांवर आली होती, आणि अध्यक्ष ठरायचा होता.

तो ठरला.

मी म्हणणार होतो की आप्पा, चूक झाली होती. म्हणालो, “बघू.” शाल आजच घेऊन ठेवतो, आप्पा म्हणाले. परत येताना ही एवढंच म्हणाली की, शालीवरून पुन्हा पडू नका.

मुखेड

तिसरा दिवस. मुखेडला आठवडी बाजार होता. हिनं अंबाडीची भाजी घेतली, साताऱ्याला नेईपर्यंत तिचं काय होईल याचा विचार न करता. सूर्यवंशींना मी फोन करून अकराला येतो म्हटलं होतं. फाटक उघडलं तेव्हा आतून रेडिओवर वेळेचे टोले पडत होते, आणि ते दारात उभे होते, मनगट डोळ्यांसमोर धरून.

घरात घड्याळंच घड्याळं. ओट्यावर, टीव्हीवर, न्हाणीघराच्या दारावर. सगळ्यांचे काटे एका जागी. एक मात्र कपाटावर उलटं ठेवलेलं होतं. ते मला ओळखू आलं. निवृत्तीच्या समारंभात खात्यानं त्यांना ते भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेव्हा सगळा हॉल हसला होता. मीही हसलो होतो. ते दिलंही मीच होतं.

त्यांच्या सौभाग्यवतींनी धपाटे आणि दही दिलं. मी धपाटा बाजूला ठेवून खड्डा, खाट, माठ, बेलसांगवीची उद्याची पंगत, सगळं सांगितलं. सूर्यवंशी ऐकत राहिले. त्यांच्या ओठांच्या कडा दोनदा हलल्या, हसू होतं की काय कोण जाणे.

मग ते म्हणाले, “साहेब, एक विचारू? दोन लाटांमधला वेळ मोजायला घड्याळ बरोबर लागतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

“माझं घड्याळ तासभर मागं असतं, तरी दोन्ही लाटा तासभर मागंच दिसल्या असत्या. मधलं अंतर तेवढंच. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.”

“हो.”

“तुमाला तेव्हा ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं.”

त्यांनी धपाटा माझ्यासमोर परत सरकवला. “माझ्या पोरीच्या लग्नात भटजीनं मुहूर्त चुकवला, तर मांडवातले लोक माझ्याकडं बगून हसले. खात्याला काई लिहू नका. खात्यात आता कोन ओळखतं आपल्याला? जिथं माझं नाव घेत्यात, तिथं माइकवर सांगा.”

आतून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “आन तोपर्यंत जेवा नीट. उपाशी मानूस मदीच विसरतंय.”

पुन्हा बेलसांगवी

घंटा वाजली. गाव बाहेर आलं. खुर्चीसकट आलेल्या एका आजोबांनी वाटेत मिरवणुकीसारखे सगळ्यांना हात केले. माळावर पानं मांडली: वरण, भात, वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. आप्पांनी मला शाल पांघरली. मे महिना, भर दुपार, लोकरीची शाल. माझ्या शेजारी सूर्यवंशी बसले होते. आप्पांना मी त्यांची ओळख फक्त माझे सहकारी म्हणून करून दिली होती. माइक माझ्या हातात आला. सूर्यवंशींनी मनगटावर पाहिलं.

मी सांगितलं. सगळं. खाट आली तेव्हा बायका हसल्या. माठ आला तेव्हा पोरं लोळली. केंद्रबिंदू मुखेडच्या पलीकडे होता म्हटलं तेव्हा मात्र वाढप्याची बादली अर्ध्यात थांबली.

आप्पा उठले. “म्हंजी आमच्या बरन्या उगंच पडल्या?”

नाही, बरण्या खऱ्याच पडल्या, मी म्हणालो. धक्का इथपर्यंत आला, पण निघाला दुसरीकडून.

“मानूस पडल्यावर भूकंप उमटतो, हे आमाला पटंना.”

तेव्हा सूर्यवंशी उभे राहिले. खिशातून मोबाइल काढला, त्यात जमिनीचं हलणं रेघेनं दाखवणारी सोय होती. तो त्यांनी माळालगतच्या मंदिराच्या फरशीवर ठेवला आणि एक खाट मागवली. अध्यक्षांनी पडून दाखवावं असं बऱ्याच जणांचं मत पडलं. ही आडवी आली. म्हणाली, यांचं एकदा पडून झालंय. शेवटी आप्पा स्वतः खाटेवर चढले, धोतर सावरलं, शंकराचं नाव घेतलं आणि पडले. रेघ उंच उडाली. गाव मोबाइलवर ओणवं झालं.

“लई मोठा आला की ओ,” आप्पा खालूनच म्हणाले. मग सगळ्यांनाच पडायचं होतं. केंद्रबिंदू इलेव्हन ओळीनं पडली. गावातल्या दोन भावकींत कुणाची रेघ उंच यावरून बाचाबाची झाली. सूर्यवंशी समजावत होते की रेघेची उंची जशीच्या तशी धरायची नसते, लांबून आलेली लाट वाटेत दमते, म्हणून अंतराचा हिशेब घालूनच भूकंपाचं माप ठरतं. माप एका अंकानं वाढलं म्हणजे हलणं दहापट. साहेबांनी अंतरही चुकीचं घेतलं आणि उंचीही स्वतःचीच मोजली.

“मग आमचा भूकंप केवढा?” एका म्हाताऱ्यानं चिंतेनं विचारलं.

“साहेबांचं वजन वजा करून,” सूर्यवंशी म्हणाले, “लई बारका.”

गाव हिरमुसलं. आप्पांच्या दुकानात बरण्या पडल्या आणि शेजारच्या घरात बाळ झोपेतून उठलंही नाही, मग बारका कसा, असा सवाल आला. याचं उत्तर मला पानावर सापडलं. मी म्हणालो, ठेचा एकच कुटलाय ना? मिरच्या तेवढ्याच. तरी आप्पा मिटक्या मारतायत, आणि माझ्या नाकातून पाणी येतंय. कुटताना पडल्या त्या मिरच्या म्हणजे भूकंपाचं माप, ते एकच. कुणाला किती झोंबलं ते ज्याच्या त्याच्या जागेवर. हे पटलं. ठेच्याचं इथे सगळ्यांना पटतं.

आप्पा अंगावरची धूळ झटकत माझ्यासमोर आले. “आता त्या खऱ्या केंद्रबिंदूवर कोन राहतं?”

कुणी नाही, सूर्यवंशी म्हणाले. गायरान आहे. शेळ्या येतात.

“मग शेळ्या पंगत घालनार का? पंगत हितंच हुईल. कमानीचं नाव बी ऱ्हाईल, लई खर्च झालाय तिला.” मग ते थांबले आणि सूर्यवंशींकडे बारकाईनं बघू लागले. “पन घड्याळ चुकलं नव्हतं म्हनता. म्हंजी ते सूर्यवंशी तुमी?”

“मीच.”

आप्पा पुढे आले. मग माझ्या खांद्यावरची शाल त्यांनी सरळ काढून घेतली आणि सूर्यवंशींना पांघरली. नारळही माझ्या मांडीवरून उचलला. ही टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिली होती.

उकाड्यात शाल गेल्याचा मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता.

संध्याकाळी स्टॉपवर आम्ही चौघं उभे होतो: आम्ही दोघं, शाल पांघरून घामाघूम झालेले सूर्यवंशी, आणि पोचवायला आलेले आप्पा. शाल काढा म्हटलं तर सूर्यवंशी ऐकेनात. लोह्याची गाडी येईना. टी हाऊसच्या बाकावरचा एकजण सवयीनं म्हणाला, “आज बी सूर्यवंशीचं…” आणि जीभ चावून गप्प झाला.

आप्पांनी रस्त्याच्या टोकाकडे हात आडवा धरून पाहिलं.

“निकमसाहेबाची खाट मोडली दिसती कुटंतरी,” ते म्हणाले.

बाक हसला. सूर्यवंशीही हसले, त्या दिवसातलं पहिलं मोकळं हसू. मी हिच्याकडे पाहिलं. ती अंबाडीच्या कोमेजलेल्या जुडीवर पाणी शिंपडत होती.

गाडी आली तेव्हा टपावर कुणाची तरी खाट बांधलेली होती, पाय वर करून. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं? सूर्यवंशींनी मनगट पाहिलं, गाडीला किती उशीर झाला ते त्याला मिनिटांसकट सांगितलं, आणि मगच आम्हाला चढू दिलं.